लिनक्स वितरणाच्या नव्या आवृत्तीवरील समुदाय-अभिप्राय

लिनक्स वितरणाच्या नव्या आवृत्तीवरील समुदाय-अभिप्राय म्हणजे एखाद्या लिनक्स वितरणाची नवी आवृत्ती प्रसिद्ध होण्यापूर्वी व झाल्यानंतर वापरकर्ते, चाचणी करणारे स्वयंसेवक, भाषांतरकार आणि विकासक यांनी तिच्यातील दोष, उणिवा व अपेक्षा यांविषयी केलेली नोंद आणि तिच्यावर होणारी कार्यवाही. मुक्त सॉफ्टवेअरच्या जगात ही प्रक्रिया उत्पादनाबाहेरची नसून उत्पादनाचाच भाग मानली जाते. पुष्कळ वितरणांमागे ग्राहक-सेवा विभाग नसतो. असलाच तर तो शुल्क भरणाऱ्या संस्थांपुरता असतो. त्यामुळे ज्या दोषाची नोंद कोणी केली नाही, तो दोष वितरणाच्या दृष्टीने अस्तित्वातच नसतो. मराठीसारख्या भाषेच्या संदर्भात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण देवनागरी लिपीतील चुका ती लिपी वाचणाऱ्यालाच दिसतात.

वितरण म्हणजे काय

लिनक्स हे मूलतः केवळ एका गाभ्याचे, म्हणजे कर्नलचे, नाव आहे. लिनस टॉरव्हल्ड्स यांनी तो १९९१ साली प्रथम प्रसिद्ध केला. केवळ गाभा घेऊन संगणक वापरता येत नाही. त्याच्या जोडीला ग्नू प्रकल्पाची साधने, खिडक्यांचा पडदा, ब्राउझर, कार्यालयीन सॉफ्टवेअर, फॉन्ट आणि कीबोर्डच्या मांडण्या लागतात. हे सारे हजारो स्वतंत्र प्रकल्पांतून गोळा करून, एकमेकांशी जुळवून, एका इन्स्टॉलरसह वापरकर्त्याच्या हाती देणे हे वितरणाचे काम. डेबियन (स्थापना १९९३), फेडोरा (पहिली आवृत्ती नोव्हेंबर २००३) आणि उबुंटू (पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४) ही त्यांतील परिचित नावे. भारतात प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, भारत ऑपरेटिंग सिस्टिम सोल्युशन्स अर्थात ‘बॉस’ हे वितरण डेबियनच्या पायावर तयार केले आहे.

वितरण हे असे जोडकाम असल्यामुळे दोष नेमका कोणाचा हा प्रश्न सतत उद्भवतो. पडद्यावर ‘क्ष’ तुटून दिसला, तर चूक फॉन्टची असू शकते, अक्षरांची जुळणी करणाऱ्या हार्फबझ या घटकाची असू शकते, त्या विशिष्ट कार्यक्रमाची असू शकते किंवा वितरणाने जुनी फॉन्ट-फाइल घेतली एवढीच असू शकते. वापरकर्त्याला हे ठाऊक असण्याची अपेक्षा नाही. तो वितरणाच्या दारात तक्रार ठेवतो, आणि ती योग्य घरी पोचवण्याची जबाबदारी त्या पॅकेजच्या देखभालकर्त्याची असते.

अभिप्रायाची साधने

डेबियनमध्ये दोषांची नोंद एका सार्वजनिक नोंदवहीत होते. प्रत्येक नोंदीला क्रमांक मिळतो आणि तिच्यावरचा सारा पत्रव्यवहार कोणालाही वाचता येतो. हे क्रमांक आता दहा लाखांपलीकडे गेले आहेत. डेबियनने १९९७ साली स्वीकारलेल्या सामाजिक करारात दोष लपवले जाणार नाहीत असे स्पष्ट वचन आहे, आणि ही नोंदवही हे त्या वचनाचे दृश्य रूप होय. प्रत्येक नोंदीला तीव्रतेची एक पायरी दिली जाते. सर्वांत वरच्या तीन पायऱ्यांवरील दोष प्रकाशन अडवणारे मानले जातात. सर्वांत खालची पायरी ‘इच्छा-सूची’ या अर्थाची असून तीत नव्या सोयींच्या मागण्या येतात. एखादा दोष कोणत्या पायरीवर ठेवावा यावर वाद होतात आणि ते निरर्थक नसतात, कारण त्या पायरीवरच आवृत्ती थांबणार की पुढे जाणार हे ठरते.

फेडोरातील व्यवस्था वेगळी आहे. तेथे साधारणतः दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते. ठरावीक विषयासाठी ‘चाचणी-दिवस’ नेमले जातात. त्यांत भाषा व लिप्यांसाठीचे दिवसही असतात. अंतिम प्रकाशनापूर्वी ‘जावे की थांबावे’ अशा अर्थाच्या नावाची एक बैठक होते. प्रकाशन अडवणारा एकही दोष शिल्लक असेल तर तारीख पुढे ढकलली जाते. फेडोरा १८ या आवृत्तीत इन्स्टॉलर नव्याने लिहिला गेला होता. ती २०१२च्या नोव्हेंबरात अपेक्षित होती. प्रत्यक्षात ती १५ जानेवारी २०१३ रोजी आली आणि आल्यानंतरही नव्या इन्स्टॉलरवर बरीच टीका झाली.

प्रकाशनानंतरच्या सुधारणांसाठी फेडोरात ‘बोधी’ नावाची यंत्रणा आहे. सुधारित पॅकेज आधी चाचणीच्या दालनात ठेवले जाते. ते वापरून पाहणारे स्वयंसेवक त्याला अधिक एक किंवा उणे एक असा गुण देतात. या गुणांना तेथे ‘कर्म’ म्हणतात. पुरेसे चांगले कर्म साठले, साधारणतः अधिक तीन, की ते पॅकेज सर्वांकडे जाते; कर्म वाईट निघाले तर ते मागे घेतले जाते. भारतीय वाचकाला या नावांची मौज वाटावी, पण हिशेब मात्र रोकडा आहे. मराठी फॉन्टच्या पॅकेजला गुण देणारी तीन माणसे न मिळाल्यास ते पॅकेज ठरावीक मुदत संपेपर्यंत चाचणीच्या दालनातच पडून राहते आणि त्यानंतर कोणी तपासलेले नसतानाही पुढे जाऊ शकते.

याखेरीज मूक अभिप्रायाचेही साधन आहे. डेबियनमधील ‘पॉप्युलॅरिटी कॉन्टेस्ट’ हे पॅकेज वापरकर्त्याने संमती दिल्यास त्याच्या संगणकावर कोणती पॅकेजे आहेत याची माहिती नाव न सांगता पाठवते. अशा मोजणीत शाळेच्या संगणक-कक्षातील, इंटरनेटला न जोडलेले संगणक मोजले जात नाहीत, हे ध्यानात घ्यावे लागते.

चांगली दोष-नोंद

उपयुक्त नोंद आणि निरुपयोगी नोंद यांतील फरक एका उदाहरणाने स्पष्ट होतो. ‘मराठी नीट दिसत नाही’ हे वाक्य खरे असले तरी त्यावर कोणालाही काही करता येत नाही. याउलट, वितरणाचे नाव व आवृत्ती, फॉन्टचे नाव व त्याची आवृत्ती, कोणत्या कार्यक्रमात अडचण आली, कोणता शब्द कोणत्या कळा दाबून लिहिला, काय दिसायला हवे होते आणि काय दिसले, एवढे लिहून सोबत पडद्याचे चित्र जोडले, तर देवनागरी न जाणणारा विकासकही दोष शोधू शकतो. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. नोंद वाचणारा माणूस ब्राझीलमध्ये किंवा जर्मनीत असू शकतो. ‘आचाऱ्याला’ आणि ‘आचार्याला’ हे दोन वेगळे शब्द आहेत, एकाचा अर्थ स्वयंपाक्याला आणि दुसऱ्याचा गुरूला, हे त्याला कोणीतरी समजावून सांगावेच लागते.

अभिप्रायामुळे बदललेले निर्णय

आवृत्तीविषयीच्या अभिप्रायाने मोठे निर्णय फिरल्याची उदाहरणे थोडी नाहीत. १८ जून २०१९ रोजी उबुंटूच्या चालक कंपनीने, कॅनॉनिकलने, येणाऱ्या १९.१० आवृत्तीतून ३२-बिट पॅकेजे पूर्णपणे काढून टाकण्याचे जाहीर केले. विंडोजसाठी लिहिलेले कार्यक्रम लिनक्सवर चालवणारा ‘वाइन’ प्रकल्प आणि ‘स्टीम’ ही खेळ-विक्री सेवा या दोहोंना ३२-बिट घटकांची गरज होती. तीव्र प्रतिक्रिया उमटल्यावर आठवड्याच्या आतच, २४ जूनला, कंपनीने माघार घेऊन निवडक ३२-बिट पॅकेजे पुरवत राहण्याचे मान्य केले.

डेबियनमधील फर्मवेअरचा प्रश्न याहून जुना व अधिक तात्त्विक होता. अनेक लॅपटॉपांतील वायफाय-यंत्रणेला कंपनीने दिलेली, मुक्त नसलेली एक छोटी फाइल लागते. तत्त्व म्हणून डेबियन ती अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ठेवत नसे. परिणामी नवशिक्या माणसाने डेबियन बसवायला घ्यावे आणि इंटरनेट जोडताच येऊ नये, असे वारंवार घडे. आवश्यक फाइल इंटरनेटवर होती. पण ती फाइल नाही म्हणूनच इंटरनेट नव्हते. वर्षानुवर्षांच्या तक्रारींनंतर २०२२ साली प्रकल्पाच्या सदस्यांनी मतदान केले आणि अशी फर्मवेअर अधिकृत इन्स्टॉलरमध्ये घेण्यास संमती दिली. १० जून २०२३ रोजी आलेल्या डेबियन १२, ‘बुकवर्म’, या आवृत्तीत हा बदल प्रथम दिसला. तत्त्वाला मुरड घातली गेली असे मानणारे सदस्य आजही आहेत, आणि त्यांचे म्हणणे पूर्णतः अनाठायी म्हणता येत नाही.

प्रत्येक वेळी समेट होतोच असेही नाही. संगणक सुरू होताना सेवा कोणत्या यंत्रणेने चालू कराव्यात या प्रश्नावर २०१४ साली डेबियनच्या तांत्रिक समितीत मते समसमान पडली. अध्यक्षांच्या निर्णायक मताने ‘सिस्टिमडी’ची निवड झाली. न पटलेल्यांनी वेगळी चूल मांडली आणि २०१७च्या मे महिन्यात ‘देवुआन’ या स्वतंत्र वितरणाची १.० आवृत्ती प्रसिद्ध केली. ग्नोम ३ या नव्या पडद्याबाबतही असेच झाले. २०११ साली जुनी मांडणी मोडल्याने नाराज झालेल्यांतून ‘माटे’ आणि ‘सिनॅमन’ हे पर्याय उभे राहिले. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये सोर्स कोड सर्वांना उपलब्ध असल्यामुळे, दुर्लक्षिलेल्या अभिप्रायाला फुटून निघण्याचा हा मार्ग शेवटपर्यंत खुला असतो.

मराठी आणि देवनागरी

लिनक्सवर मराठी दिसू लागण्याच्या इतिहासात पुण्याचे स्थान मध्यवर्ती आहे. पुण्याच्या मोड्युलर इन्फोटेक या कंपनीने घडवलेले काही भारतीय भाषांचे फॉन्ट २००४ साली रेड हॅट कंपनीने मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध केले. त्यांचे ‘लोहित’ हे नाव ‘तांबडा’ या अर्थाच्या संस्कृत शब्दावरून आले असून, त्यात रेड हॅटच्या नावाचा धागाही आहे. २०११ साली या फॉन्टसाठी ओपन फॉन्ट परवाना लागू झाला. कित्येक वर्षे बहुतेक प्रमुख वितरणांत देवनागरी मजकूर प्रथम दिसे तो लोहितमध्येच. रेड हॅटच्या पुणे कार्यालयातील भाषा-चमूने हिंदी, मराठी व अन्य भारतीय भाषांतील दोषांच्या नोंदी हाताळल्या. फेडोराच्या वापरकर्त्यांची व विकासकांची परिषद, फडकॉन, ४ ते ६ नोव्हेंबर २०११ या दिवसांत पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात भरली होती. २०१५ साली ती पुन्हा पुण्यातच झाली.

मराठीच्या दृष्टीने सर्वांत जुना व चिवट प्रश्न ‘ऱ्य’ आणि ‘ऱ्ह’ यांतील अर्ध्या र-चा आहे. हिंदीत र् नंतर व्यंजन आले की सरसकट रफार होतो. मराठीत ‘सूर्याला’ यात रफार येतो, पण ‘दऱ्या’, ‘पायऱ्या’, ‘कुऱ्हाड’, ‘वऱ्हाड’ यांत आडव्या लहान रेघेसारखा अर्धा र येतो. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेल्या फॉन्टमध्ये हे रूप नसले, तर ‘वऱ्हाड’चे ‘वर्हाड’ होते. ही केवळ शोभेची बाब नाही. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधली खोल जागा. यूनिकोडने या रूपासाठी ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराला हलन्त जोडण्याची पद्धत ठरवली आहे. इनस्क्रिप्ट मांडणीत हे अक्षर र-च्याच कळीवर शिफ्टसह येते. त्याच वेळी साध्या र-ला हलन्त व पुढे शून्य-रुंदीचा जोडक देऊन लिहिण्याची दुसरी पद्धतही मान्य आहे. दोन्ही पद्धतींनी लिहिलेला शब्द पडद्यावर सारखाच दिसतो, पण संगणकाच्या दृष्टीने ते दोन वेगळे शब्द ठरू शकतात. एका पद्धतीने लिहिलेले ‘वऱ्हाड’ दुसऱ्या पद्धतीने शोधल्यास सापडेलच याची खात्री नाही. डोळ्याला न दिसणारा हा दोष नोंदवणे स्वाभाविकच अवघड जाते.

‘ॲ’ या अक्षराची कथा याहून वेगळी आहे. ‘ॲप’, ‘ॲसिड’, ‘ॲड्रेस’ असे शब्द मराठीत रोजचे असले तरी यूनिकोडमध्ये या अक्षराला स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ सालच्या ५.१ आवृत्तीत. तोवर काही जण हिंदीच्या धर्तीवरील ‘ऍ’ वापरत, तर काही जण ‘अ’ला चंद्र जोडून लिहीत. दुसऱ्या पद्धतीत अक्षर-जुळणीच्या नियमांमुळे मध्येच ठिपक्यांचे वर्तुळ उमटे. स्थान मिळाल्यावर प्रश्न संपला नाही, उलट काही काळ वाढला. ज्यांच्या वितरणात जुने फॉन्ट होते, त्यांना नव्या अक्षराच्या जागी रिकामा चौकोन दिसू लागला. मराठी विकिपीडियासह अनेक संकेतस्थळांवरील जुन्या मजकुरात ‘ऍ’ आजही आढळतो, तो त्या काळाचा अवशेष आहे.

तिसरा मुद्दा अक्षरांच्या वळणाचा. मराठी लेखनात पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ रूढ आहेत. हिंदी छपाईतील वळण वेगळे आहे. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाद्वारे मराठीसाठी प्रमाण वर्णमाला व अक्षररूपे निश्चित केली. यूनिकोडमध्ये मात्र दोन्ही वळणांना एकच संकेतांक आहे. म्हणून एकाच फॉन्टमध्ये दोन्ही रूपे ठेवून मजकुराची भाषा मराठी असेल तेव्हा मराठी वळण निवडावे, अशी सोय फॉन्टमध्ये करावी लागते. किंवा लोहित मराठीसारखा स्वतंत्र फॉन्ट ठेवावा लागतो. पहिलीत अक्षर गिरवणाऱ्या मुलाला पुस्तकात एक ‘ल’ आणि पडद्यावर दुसरा ‘ल’ दिसला, तर चूक मुलाची ठरण्याचा संभव अधिक. अशा वेळी शिक्षकाने केलेली साधी नोंद मोलाची ठरते.

अकारविल्हे लावण्याचा प्रश्न क्वचितच चर्चेत येतो. यूनिकोडच्या संकेतांकांत ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. मराठी वर्णमालेत तो ‘ह’च्या पुढे येतो आणि त्यानंतर ‘क्ष’ व ‘ज्ञ’. त्यामुळे नावांची यादी मराठी क्रमाने लावायची तर त्या भाषेसाठी स्वतंत्र क्रमनियम हवा. लिनक्समध्ये हे नियम ग्नू सी-लायब्ररीच्या स्थानिक माहितीत असतात. ऑगस्ट २०१८मध्ये त्या लायब्ररीच्या २.२८ आवृत्तीत क्रमाचे कोष्टक मोठ्या प्रमाणावर बदलले. तेव्हा जुन्या क्रमावर आधारलेल्या माहिती-साठ्यांच्या सूची जगभर पुन्हा बांधाव्या लागल्या.

टंकलेखनाची साधनेही आवृत्तीगणिक बदलली. जून २००९च्या फेडोरा ११ मध्ये आधीच्या ‘स्किम’ऐवजी ‘आयबस’ ही निविष्टी-यंत्रणा आली. मांडण्या बऱ्याच अंशी त्याच राहिल्या, पण भाषा बदलण्याची रीत बदलली. तंत्रज्ञाच्या दृष्टीने हा किरकोळ बदल. ज्याची बोटे जुन्या सवयीने चालतात त्याला मात्र संगणक बिघडल्यासारखे वाटते. नव्या आवृत्तीवरील अभिप्रायांत अशा सवयभंगाच्या तक्रारी नेहमीच मोठ्या संख्येने असतात. त्या दोष मानाव्यात की नाही, यावर विकासकांत एकमत नाही.

इन्स्टॉलरचे मराठीकरण

फेब्रुवारी २००९मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेबियन ५.०, ‘लेनी’, या आवृत्तीच्या इन्स्टॉलरमध्ये मराठीचा समावेश झाला. ही भाषा केवळ चित्ररूप इन्स्टॉलरमध्येच निवडता येते. साध्या अक्षर-पडद्यावर प्रत्येक अक्षराला एक ठरावीक चौकट असते आणि अक्षरचिन्हांची संख्याही मर्यादित असते; जोडाक्षरे व मात्रा यांची जुळणी तेथे होऊच शकत नाही. चित्ररूप इन्स्टॉलर आला म्हणून भारतीय भाषांना दार उघडले.

समावेश कायमचा असतो असे मात्र नाही. प्रत्येक नव्या आवृत्तीत नवी वाक्ये येतात. त्यांचे भाषांतर झाले नाही तर मराठीच्या मध्ये इंग्रजी वाक्ये दिसू लागतात, आणि प्रमाण फारच घसरले तर ती भाषा यादीतून वगळली जाते. ग्नोम प्रकल्पात ८० टक्के वाक्ये भाषांतरित असली तरच भाषा ‘समर्थित’ धरली जाते. भाषांतर करणारे हात मोजकेच असल्याने, एक-दोन माणसे नोकरी बदलून वा कौटुंबिक कारणाने दूर झाली तरी आकडा खाली येऊ शकतो. ‘फाइल’ म्हणावे की ‘धारिका’, ‘सेव्ह’ला ‘साठवा’ म्हणावे की ‘जतन करा’, यांसारखे प्रश्न सुटावेत म्हणून पुण्यातील भाषा-चमूच्या पुढाकाराने ‘फ्युएल’ हा प्रकल्प सुरू झाला. त्यात वारंवार लागणाऱ्या शब्दांची यादी भाषक व भाषांतरकार एकत्र बसून ठरवतात. शुद्ध पण अनोळखी प्रतिशब्दांपेक्षा परिचित शब्द बरे, असाच वापरकर्त्यांचा कल दिसतो; इन्स्टॉलरमधल्या ‘विभाजन’ या शब्दापाशी थबकलेला माणूस पुन्हा इंग्रजीकडे वळतो.

उल्हासनगर आणि सिंधी देवनागरी

देवनागरीचा विचार मराठी व हिंदीपाशी थांबत नाही. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर हे फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांसाठी कल्याणजवळच्या लष्करी छावणीच्या जागेवर वसलेले शहर. त्याची पायाभरणी १९४९ साली गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते झाली. छावणीचे पाच भाग आजही कॅम्प १ ते कॅम्प ५ याच नावांनी ओळखले जातात. सिंधीचा समावेश १९६७ साली संविधानाच्या आठव्या अनुसूचीत झाला. भारतात ही भाषा अरबी व देवनागरी अशा दोन्ही लिप्यांत लिहिली जाते. कॅम्प २ मधील एखाद्या घरात आजोबांची जुनी पत्रे उजवीकडून डावीकडे लिहिलेली असावीत आणि नातवाने तीच भाषा देवनागरीत डावीकडून उजवीकडे लिहावी, हे सहज संभवते.

सिंधीत श्वास आत ओढून उच्चारायचे चार ध्वनी आहेत. देवनागरीत त्यांच्यासाठी ग, ज, ड, ब या अक्षरांखाली आडवी रेघ देऊन ॻ, ॼ, ॾ, ॿ ही अक्षरे लिहितात. यूनिकोडमध्ये त्यांना स्वतंत्र स्थान २००६ सालच्या ५.० आवृत्तीत मिळाले. तोपर्यंत साध्या अक्षराखाली वेदपाठातील अनुदात्ताचे चिन्ह जोडून काम भागवले जाई. लोहित फॉन्ट-समूहात सिंधीसाठी स्वतंत्र फॉन्ट होता, आणि ग्नू सी-लायब्ररीत भारतातील सिंधीसाठी दोन स्थानिक मांडण्या आहेत: एक अरबी लिपीची, दुसरी देवनागरीची. पाया असा उपलब्ध आहे. पण पाया आणि वापर यांत अंतर असते. अक्षर फॉन्टमध्ये आहे, तरी ते कीबोर्डवर कोठे आहे हे न कळल्यास लिहिणारा साधा ‘ग’ वापरून मोकळा होतो. त्या ‘ग’मुळे हरवलेला ध्वनी पुढील वाचकाला परत मिळत नाही. अशा भाषेत चाचणी करणारे थोडे असल्याने तिच्यातील दोष एका आवृत्तीतून दुसरीत निमूटपणे जात राहण्याचा धोका अधिक असतो.

खैराट येथील प्रयोग

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर हीच रेल्वेवाट पुढे कर्जतला जाते. रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यातल्या खैराट या छोट्या गावी २००७ साली ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या आंतरराष्ट्रीय प्रकल्पाचा भारतातील पहिला प्रायोगिक उपक्रम सुरू झाला. केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालयाने आदल्याच वर्षी या योजनेत सहभागी होण्यास नकार दिला होता. त्यामुळे शासकीय योजनेबाहेरून, एका एकशिक्षकी शाळेत हा प्रयोग झाला. मुलांना मिळालेल्या ‘एक्सओ’ या हिरव्या-पांढऱ्या लॅपटॉपवर फेडोरापासून घडवलेली प्रणाली व ‘शुगर’ हा मुलांसाठीचा पडदा होता. यंत्रात २५६ मेगाबाइट स्मृती आणि एक गिगाबाइट साठवण एवढेच बळ होते.

या प्रणालीच्या आवृत्त्या त्या काळात झपाट्याने बदलत होत्या. ऑक्टोबर २००८मध्ये आलेली ८.२ ही आवृत्ती फेडोरा ९ वर आधारित होती. वर्गात काय घडले याची निरीक्षणे प्रकल्पाने उघडपणे प्रसिद्ध केली. दोष-नोंदीच्या चौकटीत न बसणारा हा अभिप्राय होता. सात-आठ वर्षांचे मूल दोष नोंदवत नाही. ते यंत्र बाजूला ठेवते किंवा शेजाऱ्याकडून युक्ती शिकते. कोणती खूण मुलांना चटकन उमगते, कोणत्या सूचनेपाशी ती अडतात, वर्गात विजेची जोडणी किती जणांना पुरते, हे प्रयोगशाळेत बसून कळणारे नव्हते. दुर्गम भागातील एका शाळेचा आवाज विकासकांपर्यंत पोचण्यासाठी मध्ये पाहणारा आणि लिहिणारा माणूस लागला.

शाळांच्या संदर्भात केरळचा दाखला दिला जातो. तेथे ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने डेबियन व पुढे उबुंटूवर आधारित वितरण राज्यभरच्या शाळांत नेले. शिक्षकांनाच प्रशिक्षक व चाचणीकार बनवल्यामुळे वर्गातील अडचणी पुढच्या आवृत्तीत पोचण्याची वाट तयार झाली. महाराष्ट्रात एवढ्या विस्ताराची, सलग चाललेली व्यवस्था उभी राहिली नाही.

मर्यादा

समुदाय-अभिप्रायाची सर्वांत मोठी मर्यादा भाषेची आहे. दोष मराठीचा असला तरी त्याची नोंद बहुधा इंग्रजीतच करावी लागते. ज्याला इंग्रजी सहज येते त्याला मराठी पडद्याची गरज कमी, आणि ज्याला ती गरज आहे त्याला नोंद करता येत नाही, असा हा पेच आहे. दुसरी मर्यादा आवाजाच्या विषमतेची. खेळ खेळणाऱ्यांचा व सर्व्हर चालवणाऱ्यांचा गट मोठा व संघटित असल्याने उबुंटूचा २०१९चा निर्णय आठवड्यात फिरला. ‘ॲ’च्या जागी चौकोन पाहणाऱ्यांना असे बळ नव्हते. जुन्या यंत्रांचे वापरकर्तेही याच रांगेत येतात. ९ ऑगस्ट २०२५ रोजी आलेल्या डेबियन १३, ‘ट्रिक्सी’, या आवृत्तीत ३२-बिट इंटेल संगणकांसाठी इन्स्टॉलर उरला नाही. अशी यंत्रे देणगीदाखल मिळालेल्या शाळा त्या निर्णयाच्या चर्चेत क्वचितच सहभागी असतात.

तिसरी मर्यादा नोंदींच्या आयुष्याची. फेडोरात एखाद्या आवृत्तीचा आधार-काळ संपला की तिच्यावरील उरलेल्या नोंदी आपोआप बंद केल्या जातात. दोष पुढच्या आवृत्तीतही असल्यास नोंदवणाऱ्याने तो पुन्हा तपासून आवृत्तीचा क्रमांक बदलावा, अशी अपेक्षा असते. हे न केल्यास नोंद बंद होते आणि दोष तसाच राहतो. मराठीसंबंधीच्या जुन्या नोंदी तपासू पाहणाऱ्याने म्हणूनच केवळ उघड्या नोंदी पाहून भागत नाही. अशा रीतीने बंद झालेल्या नोंदीही चाळाव्या लागतात.